अँटिबायोटिक जिवाणू मारते की नुसते थोपवते? एमआयसी आणि एमबीसी मोजण्याची रीत

पाठ्यपुस्तकात एक तक्ता हमखास असतो. एका बाजूला मारक औषधे: पेनिसिलिन, जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन. दुसऱ्या बाजूला रोधक: टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल. परीक्षेपुरता तो तक्ता ठीक आहे. पण हेच क्लोरॅम्फेनिकॉल ई. कोलायला फक्त थोपवून धरते आणि न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएंझा यांना ठार करते. पेनिसिलिन एंटेरोकोकसची वाढ थांबवते, पण एकट्याने त्याला बहुतेक वेळा संपवू शकत नाही. ‘मारक’ हा शिक्का नुसत्या औषधावर मारून भागत नाही. कोणता जिवाणू, किती मात्रा आणि किती तास, हे तिन्ही सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ येत नाही. म्हणून ते मोजावे लागते.

मोजायचे आकडे दोन. ज्या सर्वांत कमी मात्रेत डोळ्यांना वाढ दिसत नाही, ती एमआयसी (मिनिमम इनहिबिटरी कॉन्सन्ट्रेशन). सुरुवातीला घातलेल्या जिवाणूंपैकी किमान ९९.९ टक्के ज्या सर्वांत कमी मात्रेत मेले, ती एमबीसी (मिनिमम बॅक्टेरिसायडल कॉन्सन्ट्रेशन). द्रव माध्यम गढूळ दिसू लागते तेच मुळी दर मिलिलिटरला साधारण १ कोटी जिवाणू झाल्यावर. त्यामुळे काचेसारख्या स्वच्छ दिसणाऱ्या द्रवातही लाखो जिवाणू सुखरूप असू शकतात. सगळी एमबीसी चाचणी या एका गोष्टीमुळे करावी लागते.

हे काम रोगजंतू हाताळण्याची सोय, सुरक्षा कॅबिनेट आणि ऑटोक्लेव्ह असलेल्या प्रयोगशाळेतच करायचे. घरात नाही, आणि स्वतःचे औषध स्वतः ठरवण्यासाठी तर नाहीच.

औषध कुठे घाव घालते, ते आधी पाहा

ही माहिती शोभेची नाही. पुढे चाचणीत जे जे बिघडते, त्याचे कारण जवळजवळ प्रत्येक वेळी इथे सापडते.

पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम ही बीटा-लॅक्टम औषधे पेशीभित्तीचे धागे एकमेकांना शिवणाऱ्या एन्झाइमला जाऊन चिकटतात. भित्तीच्या कच्च्या धाग्याच्या टोकाला डी-ॲलॅनिनची जोडी असते. औषधाचा रेणू त्या जोडीसारखा दिसतो, म्हणून एन्झाइम फसते आणि अडकून पडते. शिवण थांबते, पण जुनी भित्ती कापणारी एन्झाइमे आपले काम चालू ठेवतात. आत दाब असतोच, शेवटी पेशी फुटते. यावरून एक गोष्ट उघड होते: जो जिवाणू वाढत नाही, भित्ती विणत नाही, त्याला ही औषधे मारत नाहीत. दुसरी गोष्ट लगेच लक्षात येत नाही. ॲझट्रिओनाम किंवा सेफॅलेक्सिनसारखी औषधे विभाजनाच्या जागची शिवण तेवढी रोखतात. मग ई. कोलाय दुभंगत नाही, पण लांबत राहतो आणि त्याचे लांबच लांब तंतू होतात. सुरुवातीच्या तासांत गढूळपणा वाढतच असतो, वसाहतींची (एकेका जिवाणूपासून घट्ट माध्यमावर उगवलेल्या ठिपक्यांची) संख्या मात्र वाढत नाही. गढूळपणाच्या यंत्रावर विसंबलात तर औषध निकामी आहे असे वाटेल.

व्हँकोमायसिन एन्झाइमला सोडून थेट त्या डी-ॲलॅनिनच्या जोडीलाच धरते. रेणू मोठा असल्याने ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या पटलातून तो आत जात नाही. ई. कोलायसमोर व्हँकोमायसिन लावून प्लेट वाया घालवू नका.

जेंटामायसिन, अमिकासिन ही अमिनोग्लायकोसाइड औषधे रायबोसोमच्या ३०एस भागावर बसून संदेश चुकीचा वाचायला लावतात. बिघडलेली प्रथिने पटलात शिरतात, पटल गळू लागते, आणखी औषध आत येते. टेट्रासायक्लिनही ३०एसवरच बसते, पण ते फक्त पुढच्या टीआरएनएची जागा अडवते. चुकीचे प्रथिन तयारच होत नाही, उत्पादन थांबते, पेशी वाट पाहत राहते. लक्ष्य एकच, तरी एक मारते आणि दुसरे थोपवते. प्रथिने बनणे थांबवणारे औषध रोधकच असणार, हा समज या एका जोडीने मोडतो. क्लोरॅम्फेनिकॉल, एरिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन आणि लिनेझोलिड हे ५०एस भाग धरतात.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन डीएनए गायरेज आणि टोपोआयसोमरेज ४ यांना डीएनए कापलेल्या अवस्थेतच गोठवते, त्यामुळे गुणसूत्राचे तुकडे होतात. रिफॅम्पिसिन आरएनए पॉलिमरेजच्या बीटा उपघटकात अडकते. त्या एका जागेतला छोटा बदल प्रतिकाराला पुरतो. कोलिस्टिन आणि डॅप्टोमायसिन पटलावर घाव घालतात. सल्फा औषधे आणि ट्रायमेथोप्रिम फोलेट बनवण्याच्या साखळीतल्या लागोपाठच्या पायऱ्या अडवतात, आणि त्याचा परिणाम शेवटी थायमिडिनच्या टंचाईत दिसतो.

माध्यम

म्युलर-हिंटन ब्रॉथ (जिवाणू वाढवण्याचे ठरावीक द्रव माध्यम) घ्या, आणि तेही कॅल्शियम व मॅग्नेशियम नेमके केलेले: कॅल्शियम दर लिटरला २० ते २५ मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १० ते १२.५ मिलिग्रॅम. पीएच ७.२ ते ७.४. हे क्षार कमी पडले तर स्यूडोमोनासवर जेंटामायसिन आहे त्यापेक्षा जास्त प्रभावी दिसते, जास्त झाले तर उलटे. कारण बाहेरचे पटल सांधून ठेवणारे हेच आयन औषधाची वाट अडवतात. डॅप्टोमायसिनला पटलात शिरायलाच कॅल्शियम लागते, म्हणून त्याच्यासाठी ते दर लिटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत वाढवावे लागते. हे विसरल्यामुळे ‘प्रतिकारक’ ठरलेले जिवाणू पुन्हा नीट तपासले की संवेदनशील निघतात.

पीएच घसरला की अमिनोग्लायकोसाइड आणि मॅक्रोलाइड (एरिथ्रोमायसिनचा गट) कमकुवत दिसतात, टेट्रासायक्लिन फाजील जोरदार. कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये प्लेट ठेवल्यास हेच होते. नेहमीच्या जिवाणूंसाठी साधी हवा वापरा.

माध्यमात थायमिडिन उरले असेल तर जिवाणू ते आयते उचलतात, आणि सल्फा किंवा ट्रायमेथोप्रिमने अडवलेली वाट बंद असली तरी त्यांचे काही अडत नाही. माध्यमाची नवी खेप आली की ज्ञात एमआयसी असलेल्या जिवाणूवर ही दोन औषधे आधी लावून बघा.

औषधाचे मूळ द्रावण

गोळी कुटून चालणार नाही. प्रमाणित भुकटी हवी, आणि तिच्या लेबलवरची पोटेन्सी वाचायची. १ मिलिग्रॅम भुकटीत औषध १००० मायक्रोग्रॅम असते असे धरून चालणे ही सर्रास होणारी चूक आहे. ओलावा आणि क्षार वजा जाता ते ८५० असू शकते.

नेमके ठरलेले वजन भरायची धडपड करू नका. थोडी जास्त भुकटी तोला आणि द्रवाचे माप त्यावरून काढा: वजन (मिलिग्रॅम) गुणिले पोटेन्सी, भागिले हवी ती मात्रा. समजा १८.२ मिलिग्रॅम तोलले, पोटेन्सी ८५०, आणि हवे आहे दर मिलिलिटरला १२८० मायक्रोग्रॅम. १८.२ × ८५० ÷ १२८० = १२.०९ मिलिलिटर.

जेंटामायसिन, व्हँकोमायसिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन हायड्रोक्लोराइड पाण्यात विरघळतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि एरिथ्रोमायसिनला ९५ टक्के इथेनॉल लागते, ॲम्पिसिलिनला ८.० पीएचचे फॉस्फेट बफर. पाणी सोडून दुसरे काही वापरले असेल, तर तेवढाच द्रावक घातलेला एक औषधविरहित वेल (प्लेटमधला छोटा खळगा) प्लेटवर ठेवा, नाहीतर इथेनॉलने केलेले काम औषधाच्या नावावर जमा होईल.

द्रावण छोट्या कुप्यांत वाटून उणे ६० अंश किंवा त्याखाली ठेवा. एकदा वितळवलेली कुपी पुन्हा गोठवू नका. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीजर वापरू नका, त्यात तापमान वरखाली होत राहते आणि बीटा-लॅक्टम वलय हळूहळू तुटते. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड आणि इमिपेनेम या बाबतीत विशेष नाजूक आहेत.

इनॉक्युलम

इनॉक्युलम म्हणजे चाचणीत घालायचे मोजके जिवाणू. १८ ते २४ तासांच्या ताज्या आगार (घट्ट माध्यम) प्लेटवरून तीन ते पाच सारख्या दिसणाऱ्या वसाहती घ्या. एकाच वसाहतीवर थांबू नका, ती नेमकी वेगळी निघू शकते. सलाइनमध्ये मिसळून गढूळपणा ०.५ मॅकफार्लंडला (गढूळपणाच्या प्रमाणित मापाला) आणा. ६२५ नॅनोमीटरवर शोषण ०.०८ ते ०.१३ आले पाहिजे. इतक्या गढूळपणात ई. कोलायचे दर मिलिलिटरला साधारण १५ कोटी जिवंत जिवाणू असतात.

तुलनेसाठी मॅकफार्लंडची नळी प्रयोगशाळेतच तयार करायची तर १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.०५ मिलि आणि १ टक्का सल्फ्युरिक ॲसिड ९.९५ मिलि मिसळा, घट्ट बंद करून अंधारात ठेवा, आणि प्रत्येक वेळी नीट हलवून मगच तुलना करा. तळाशी बसलेल्या साक्याशी तुलना केली तर इनॉक्युलम फार पातळ होते.

आता हे द्रावण ०.१ मिलि घेऊन १४.९ मिलि ब्रॉथमध्ये टाका. १५० पट सौम्य झाले, म्हणजे दर मिलिलिटरला १० लाख. वेलमध्ये ते औषधाबरोबर निम्मे होऊन ५ लाख होईल. सौम्य केल्यापासून अर्ध्या तासात सगळे भरून झाले पाहिजे. ई. कोलाय उबदार ब्रॉथमध्ये वीसेक मिनिटांत दुप्पट होतो, तो तुमच्यासाठी थांबत नाही.

५ लाखांचा आग्रह का? बीटा-लॅक्टमेज बनवणारा जिवाणू दहापट जास्त घातला, तर औषध तोडणारे एन्झाइमही दहापट येते आणि एमआयसी कितीतरी पायऱ्या वर उडी मारते. इनॉक्युलम कमी पडले तर प्रतिकारक जिवाणू संवेदनशील भासतो. ही दुसरी चूक जास्त घातक.

प्लेट भरणे

९६ वेलची, गोल तळाची, निर्जंतुक प्लेट घ्या. एका ओळीत एक औषध. समजा वरची मात्रा दर मिलिलिटरला ६४ मायक्रोग्रॅम हवी आहे.

वेल २ ते ११ मध्ये ५० मायक्रोलिटर ब्रॉथ भरा, वेल १२ मध्ये १००. वेल १ मध्ये दर मिलिलिटरला १२८ मायक्रोग्रॅमचे औषध १०० मायक्रोलिटर घाला (इनॉक्युलम पडल्यावर ते निम्मे होईल). त्यातून ५० उचलून वेल २ मध्ये टाका, पाच-सहा वेळा वरखाली ओढून मिसळा, टिप बदला, पुन्हा ५० उचलून वेल ३ मध्ये. असे वेल १० पर्यंत जा आणि त्यातले शेवटचे ५० फेकून द्या. वेल ११ मध्ये औषध जाऊ द्यायचे नाही, तो वाढीचा नियंत्रण वेल. वेल १२ निर्जंतुकतेचा, त्यात जिवाणूही नाहीत. मग वेल १ ते ११ मध्ये ५० मायक्रोलिटर इनॉक्युलम. शेवटच्या मात्रा झाल्या ६४, ३२, १६, ८, ४, २, १, ०.५, ०.२५ आणि ०.१२.

टिप बदलायचा कंटाळा करू नका. टिपेच्या बाहेर चिकटलेले जादा औषध पुढच्या वेलमध्ये जाते, ही चूक दर पायरीला साठत जाते, आणि खालच्या टोकाला मात्रा लिहिलेल्यापेक्षा बरीच जास्त असते. कोलिस्टिनचे उलटे आहे, ते प्लॅस्टिकला चिकटून द्रवातून कमी होते. त्याच्या टिपा, नळ्या आणि प्लेट कायम एकाच प्रकारच्या ठेवा.

भरून झाल्या झाल्या वेल ११ मधून १० मायक्रोलिटर घेऊन १० मिलि सलाइनमध्ये टाका आणि त्यातले १०० मायक्रोलिटर आगारवर पसरा. दुसऱ्या दिवशी ५० च्या आसपास वसाहती दिसल्या तर इनॉक्युलम बरोबर होते. हे दोन मिनिटांचे काम टाळणाऱ्याला पुढे एमबीसी काढताच येत नाही, कारण ९९.९ टक्के कशाचे हेच त्याला माहीत नसते.

प्लेट झाका, चारपेक्षा जास्त एकावर एक रचू नका (मधल्या प्लेट उशिरा गरम होतात), आणि ३५ अंशांवर १६ ते २० तास ठेवा. सोबत एटीसीसी २५९२२ हा ज्ञात एमआयसी असलेला प्रमाणित ई. कोलाय प्रत्येक वेळी लावा. त्याच्यावर जेंटामायसिनची एमआयसी ०.२५ ते १ आणि ॲम्पिसिलिनची २ ते ८ यायला हवी. या चौकटीबाहेर आकडा गेला तर त्या दिवसाचे त्या औषधाचे निकाल बाजूला ठेवा.

वाचन

आधी वेल ११ आणि १२ बघा. ११ मध्ये तळाशी ठसठशीत बटण (खाली बसलेल्या जिवाणूंचा ठिपका) किंवा गढूळपणा, १२ स्वच्छ. नसेल तर पुढे वाचू नका.

मारक औषधांची सीमा सहसा धारदार असते. रोधक औषधांत ती रेंगाळते: ग्रॅम-पॉझिटिव्ह कोकायवर (न्यूमोकोकस, एंटेरोकोकस यांसारख्या गोल जिवाणूंवर) लिनेझोलिड, क्लिंडामायसिन, टेट्रासायक्लिन लावले की पुढच्या अनेक वेलमध्ये टाचणीच्या टोकाएवढी बटणे दिसत राहतात. ती सोडून द्या, रेंगाळणे सुरू होते ती मात्रा एमआयसी धरा. सल्फा आणि ट्रायमेथोप्रिममध्ये नियंत्रणाच्या तुलनेत ८० टक्के घट झालेली पहिली मात्रा घ्या. औषध काम करू लागेपर्यंत जिवाणूंकडे फोलेटची जुनी शिदोरी असते, तेवढ्यावर ते काही वेळा दुप्पट होतात. ती वाढ खरा प्रतिकार नाही.

मधलाच एक वेल स्वच्छ आणि पुढे पुन्हा गढूळ, असे एकदा दिसले तर वरची मात्रा वाचा. दोन ठिकाणी दिसले तर चाचणी पुन्हा करा.

एमबीसी

एमबीसीसाठी आम्ही प्लेटऐवजी नळ्या सुचवू: १ मिलि औषध, १ मिलि इनॉक्युलम. १०० मायक्रोलिटरच्या वेलमधून पुरेसा नमुना निघत नाही.

इथे इनॉक्युलम वाढीच्या ऐन भरातले हवे. वसाहती ब्रॉथमध्ये टाकून तीन ते पाच तास वाढवा, मग ०.५ मॅकफार्लंडला आणा. सुस्तावलेले जिवाणू घेतले तर बीटा-लॅक्टम मारत नाही असा खोटा निकाल येतो. कारण वर आलेच आहे.

इनॉक्युलम सोडताना पिपेटचे टोक द्रवाच्या पृष्ठभागाखाली ठेवा आणि नळी हलवू नका. नळीच्या कोरड्या भागावर उडालेल्या थेंबातले जिवाणू औषधाला भेटतच नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी तेच वाचलेले म्हणून मोजले जातात. २० तासांनी नळी व्होर्टेक्सवर (नळी घुसळणाऱ्या यंत्रावर) फिरवा, आणखी चार तास इन्क्युबेटरमध्ये ठेवा, पुन्हा फिरवा, मग नमुना घ्या.

प्रत्येक स्वच्छ नळीतून १०० मायक्रोलिटर, दोन-दोन आगार प्लेटवर पसरा. सुरुवातीची संख्या ५ लाख असेल तर ९९.९ टक्के मेल्यावर दर मिलिलिटरला ५०० उरतात, म्हणजे प्लेटवर ५० वसाहती. तुमची मोजलेली संख्या ३ लाख असेल तर सीमा ३०. सरासरी सीमेच्या आत असलेली सर्वांत कमी मात्रा ही एमबीसी.

मोठा धोका आहे औषध प्लेटवर सोबत जाण्याचा. ६४ मायक्रोग्रॅमच्या नळीतले १०० मायक्रोलिटर म्हणजे ६.४ मायक्रोग्रॅम औषध. २० मिलि आगारमध्ये ते सगळीकडे सारखे पसरले तरी दर मिलिलिटरला ०.३२ होते. एमआयसी ०.२५ असेल तर प्लेटवर जिवंत जिवाणूही उगवणार नाहीत आणि रोधक औषध मारक ठरेल. म्हणून दहापट सौम्य केलेला नमुनाही पसरा (सीमा ५), आणि एका प्लेटवर तेवढेच औषध व मोजके शंभर जिवाणू एकत्र टाकून शंभरच्या आसपास उगवतात का ते बघा.

एमबीसी एमआयसीच्या चौपटीपर्यंत असेल तर त्या जिवाणूवर औषध मारक, त्यापुढे रोधक. ३२ पट किंवा जास्त असेल तर त्याला टॉलरन्स म्हणतात: जिवाणू वाढत नाही, पण मरतही नाही. कधी कमी मात्रेत सगळे मेलेले आणि जास्त मात्रेत काही जिवंत, असे उलटे चित्र दिसते. पिपेटला दोष देण्याआधी औषध पाहा. पेनिसिलिनची ही सवय हॅरी ईगल यांनी १९४८ मध्येच नोंदवली होती.

एकाच आकड्यावर थांबायचे नसेल तर

एमबीसी २४ तासांनंतरचे एकच चित्र देते. मरण्याचा वेग कळायला १० मिलिच्या फ्लास्कमध्ये एमआयसीच्या १, २, ४ आणि ८ पट मात्रा लावा, आणि ०, २, ४, ६ व २४ तासांनी दहा-दहा पट सौम्य करून वसाहती मोजा आणि वेळेनुसार आलेख काढा. जेंटामायसिनची मात्रा वाढवली की रेषा अधिक उभी कोसळते. बीटा-लॅक्टमची मात्रा एमआयसीच्या चौपटीच्या आसपास पोहोचली की ती आणखी वाढवूनही रेषा फारशी बदलत नाही, त्याला वेळच द्यावा लागतो.

६ तासांना घसरलेली रेषा २४ ला पुन्हा वर आली, तर वाचलेल्या जिवाणूंची एमआयसी नव्याने काढा. ती वाढली असेल तर प्रतिकारक निवडले गेले. रिफॅम्पिसिनमध्ये हे वारंवार दिसते, कारण तिथे साधारण १० कोटींत एक जिवाणू आधीच बदललेला असतो. एमआयसी तीच असेल तर औषध मधल्या काळात विघटन पावले का ते तपासा.

दोन औषधे एकत्र लावायची तर प्रत्येकाचा एकेकटा फ्लास्क सोबत हवाच. २४ तासांनी जोडीने चांगल्या एकट्या औषधापेक्षा शंभरपट जास्त जिवाणू मारले तर ते सहकार्य, आणि जोडीत शंभरपट जास्त उरले तर विरोध. पेनिसिलिनसोबत टेट्रासायक्लिन गटातले औषध लावून बघा: वाढ थांबली की भित्ती विणणे थांबते, आणि पेनिसिलिनला घाव घालायला जागाच उरत नाही. १९५१ मध्ये न्यूमोकोकसच्या मेंदूज्वरात पेनिसिलिनला क्लोरटेट्रासायक्लिनची जोड दिलेल्या रुग्णांत मृत्यू नुसत्या पेनिसिलिनपेक्षा जास्त आढळले होते. जोडीचा निकाल लिहिताना दोन्ही औषधांच्या मात्रा, इनॉक्युलमची मोजलेली संख्या आणि तास सोबत लिहा. नुसता ‘विरोध’ हा शब्द दुसऱ्या प्रयोगशाळेला पडताळून पाहता येत नाही.